जुन्या गाडीचा दम कुठे गेला? चेनवर आळ घेण्याआधी तपासून पाहा

मुंबईच्या रस्त्यांवरून काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये कायमची उतरली. शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती आणि टॅक्सीला 20 वर्षांची मुदत असल्याने तिचे दिवस त्या महिन्यात भरले. या एका गाडीवर किती गॅरेजवाले, किती पार्टवाले आणि किती वेल्डर जगले, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

टॅक्सी गेली तरी काम संपलेले नाही. खाजगी मालकांच्या फियाट आणि ॲम्बॅसेडर आजही घराघरांत जपून ठेवलेल्या आहेत. केंद्र सरकारने 2021 मध्ये 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यांत नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये असून ती 10 वर्षे चालते. एवढा खर्च करणारा मालक गाडी भंगारात घालणार नाही. तो चांगल्या मिस्त्रीच्या शोधात असतो. मात्र हे गिऱ्हाईक टॅक्सीवाल्यासारखे नाही. त्याला घाई नसते, पण केलेल्या कामाचे कारण हवे असते. विनाकारण इंजिन खोलले हे त्याला एकदा कळले की तो परत येत नाही आणि आपल्या ओळखीच्या दहा मालकांनाही सांगतो.

अशा गाड्यांची सर्वांत नेहमीची तक्रार म्हणजे, "इंजिन पुढून खडखडते आणि चढावर ओढत नाही." ऐकणारा मिस्त्री लगेच म्हणतो, टायमिंग चेन गेली. कधी ते खरे असते, पुष्कळदा नसते. खरे-खोटे इंजिन न खोलता कसे ओळखावे, ते येथे पाहू.

चेनचे काम काय?

पद्मिनीचे 1089 सीसीचे आणि ॲम्बॅसेडरचे 1489 सीसीचे पेट्रोल इंजिन, दोन्हींची रचना मुळात एकच. कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, वर पुशरॉड आणि रॉकर. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी व्हावी म्हणून पुढच्या कव्हरखाली दोन चक्रे आणि त्यांवर चेन. डिस्ट्रिब्युटरही कॅमशाफ्टवरूनच फिरतो.

चेनच्या पिना आणि भोके झिजली की चेन लांबते. क्रँक पुढे ओढतो आणि कॅम थोडा मागे राहतो. त्यामुळे व्हॉल्व उशिरा उघडतात, उशिरा मिटतात आणि ठिणगीही उशिरा पडते. मिस्त्री डिस्ट्रिब्युटर फिरवून ठिणगी जागेवर आणतो, पण व्हॉल्वचे टायमिंग तेथेच राहते. इनटेक व्हॉल्व उशिरा मिटला की कमी फेऱ्यांवर सिलिंडरात आलेली थोडी हवा परत बाहेर ढकलली जाते, दाब कमी बसतो आणि चढावर गाडी रेंगाळते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चेन साधारण ढिली झाल्याने टायमिंग थोडेच अंश मागे जाते. तेवढ्याने जोर थोडा कमी होईल, पण निम्मा दम जाणार नाही. गाडीने अचानक निम्मा दम सोडला असेल, तर एक तर चेनने दात सोडला आहे किंवा रोग दुसरीकडे आहे. क्रँकच्या चक्राला 20 दात असतील तर एक दात म्हणजे 18 अंशांचा फरक. तो लपत नाही.

आवाज ओळखा

टॅपेटचा आवाज वरून, रॉकर कव्हरखालून येतो आणि टिक-टिक असा एका ठेक्यात असतो. चेनचा आवाज पुढच्या कव्हरमधून येतो, खरखरीत असतो आणि ॲक्सिलरेटर एकदम सोडल्यावर वाढतो. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक कव्हरला आणि मूठ कानाला लावली की जागा कळते. हे करताना पंखा आणि बेल्टपासून बाही व हात दूर ठेवावेत. वॉटर पंपाची बेअरिंग आणि डायनमोही असाच आवाज करतात, म्हणून फॅन बेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवून पाहावे. आवाज बंद झाला तर चेन निर्दोष आहे.

रोटरची परीक्षा

डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा. प्लग काढले की इंजिन हाताने हलके फिरते. क्रँक नेहमीच्या दिशेने फिरवून थांबवा आणि पुलीवर खडूने खूण करा. आता क्रँक हळूहळू उलट फिरवा आणि रोटरवर नजर ठेवा. रोटर हलू लागला की थांबा आणि पुली किती सरकली ते मोजा. पुलीचा घेर मिलिमीटरमध्ये मोजून 360 ने भागला की एका अंशाचे अंतर मिळते. 150 मिलिमीटर व्यासाच्या पुलीवर 10 अंश म्हणजे सुमारे 13 मिलिमीटर. ढील 10 अंशांच्या पुढे असेल तर चेनवर संशय धरायला हरकत नाही. मात्र या मापात डिस्ट्रिब्युटरच्या गिअरचीही ढील येते. म्हणून रॉकर कव्हर काढून हीच परीक्षा रॉकरच्या हालचालीवर पुन्हा करावी.

टायमिंग लाइट असेल तर आणखी एक पुरावा मिळतो. इंजिन संथ चालत असताना पुलीची खूण एका जागी न राहता मागे-पुढे नाचत असेल, तर चेन ढिली आहे किंवा डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट झिजला आहे. शाफ्ट हाताने आडवा हलवून पाहिला की दोहोंतला फरक कळतो.

दात सोडला आहे का?

टॅपेटची गॅप आधी बरोबर करून घ्या. मग एक नंबरचा पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणा. त्या वेळी चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व बदलीवर असले पाहिजेत, म्हणजे एक्झॉस्ट मिटत आलेला आणि इनटेक उघडू लागलेला. एक्झॉस्ट अजून चांगलाच उघडा आणि इनटेक हललेलाही नसेल, तर कॅम मागे पडला आहे. कव्हर न खोलता एवढे कळते.

दाब मोजा

कंप्रेशन गेज आज प्रत्येक गॅरेजात असावे. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, बॅटरी भरलेली आणि थ्रॉटल पूर्ण उघडा, या चार अटी पाळल्या नाहीत तर आकडा खोटा येतो. समजा आकडे 130, 125, 128 आणि 90 आले, तर दोष एका सिलिंडरचा आहे. व्हॉल्व, रिंग किंवा गॅस्केट बघावे, चेनला हात लावू नये. चारही आकडे 95 च्या आसपास, सारखेच कमी आले, तर चेन किंवा सर्व रिंगा. मग प्रत्येक सिलिंडरात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. दाब चांगलाच वाढला तर रिंगा झिजल्या आहेत. फारसा वाढला नाही आणि चार नंबरचे व्हॉल्वही बदलीवर नसतील, तर चेनचा पुरावा पक्का झाला.

व्हॅक्यूम गेजही उपयोगी आहे. चांगल्या इंजिनाची सुई संथ चालीवर 17 ते 21 इंचांच्या दरम्यान स्थिर राहते. सुई स्थिर पण बरीच खाली असेल, तर टायमिंग मागे असण्याचा किंवा कुठेतरी हवा ओढली जाण्याचा संशय घ्यावा. घाटावरच्या मिस्त्रींनी मात्र दर 1,000 फूट उंचीला सुमारे एक इंच वजा धरावा.

चेन ठीक असेल तर?

मग स्वस्त गोष्टींपासून सुरुवात करावी. पॅडल पूर्ण दाबल्यावर थ्रॉटल पूर्ण उघडतो का? डिस्ट्रिब्युटरमधली वजने गंजून अडकली आहेत का? व्हॅक्यूमचा पडदा फाटला आहे का? पॉइंट जळले आहेत का? सायलेन्सर आतून बसला आहे का? क्लच सरकतो का? गाडी सपाट जागी हाताने ढकलून पाहा. ती सहज चालत नसेल तर ब्रेक चिकटले आहेत, इंजिनाचा दोष नाही.

पेट्रोलकडेही बघावे लागते. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ही इंजिने त्यासाठी बनलेली नव्हती. जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा फुगतात, टाकीतला गंज व मळ सुटून जेटमध्ये अडकतो, आणि जुन्या जेटवर मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रणाचे लक्षणही हेच की गाडी चढावर ओढत नाही.

चेन बदलायचीच असेल तर

नुसती चेन बदलू नये. झिजलेल्या चक्रांवर नवी चेन लवकर खराब होते. चेन, दोन्ही चक्रे, टेन्शनर असेल तर तो, ऑइल सील आणि गॅस्केट एकदमच घालावे. बाजारातून चेन घेताना ती आडवी धरून पाहावी. नवी चेन जवळजवळ सरळ राहते, झिजलेली धनुष्यासारखी वाकते. चक्रांवरच्या खुणा जुळवून बसवल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवावा, खुणा पुन्हा जुळतात का ते पाहावे, आणि मगच स्टार्टर मारावा.

हिशेब स्वच्छ ठेवा

वरील सर्व तपासणीला दोन-तीन तास लागतात. हे तास फुकट देऊ नयेत. तपासणीचे पैसे वेगळे ठरवून आधी सांगावेत, चारही सिलिंडरांचे आकडे आणि चेनची ढील कागदावर लिहून गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी, आणि काढलेले जुने पार्ट त्याला परत करावेत. चेनचे काम निघाले तर तो कागद बिलाचा आधार होतो. नुसते पॉइंट बदलून गाडी चालली, तर तोच कागद मिस्त्रीच्या इमानाची साक्ष देतो. उस्तादांनी ही मापे गॅरेजातल्या पोरांकडूनही घेववावीत. स्कॅनरवर शिकलेल्या मुलाला या इंजिनांत तार जोडायला जागा नाही. तेथे कान, हात आणि दोन गेज एवढ्यावरच काम चालते, आणि ते येणारे हात दिवसेंदिवस कमी होत असल्याने त्यांना चांगला भाव मिळणार आहे.