दोन लाखांच्या कार्डाला डोळा किती दाद देतो?

‘इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा गेमिंगसाठी आरटीएक्स ५०९० हे ग्राफिक्स कार्ड मागतोय. किंमत दोन लाखांच्या वर. त्यात एवढं काय असतं, आणि घेऊन द्यावं का?’ एका वाचकाच्या या प्रश्नाला माझं उत्तर सरळ आहे, गेमिंगसाठी घेऊ नका. पण या नकारामागचं विज्ञान इतकं देखणं आहे की ते मुलालाही कळायला हवं.

जानेवारी २०२५मध्ये एनव्हिडिया कंपनीने या कार्डाची मालिका जाहीर केली तेव्हा भारतातल्या किमती ५०७०ला ५९,००० रुपये, ५०८०ला १,०७,००० आणि ५०९०ला २,१४,००० अशा होत्या. दुकानात प्रत्यक्षात किंमत याहून वेगळी असू शकते. ५०८०मध्ये १०,७५२ कोअर, म्हणजे हिशेब करणारे छोटे घटक, आहेत, ५०९०मध्ये २१,७६०. म्हणजे कोअर दुप्पट, पैसेही दुप्पट. वेग मात्र फोर-के पडद्यावरसुद्धा दुप्पट होत नाही. कोअर वाढले तरी वेग कसा अडतो, हे समजायला लग्नाची पंगत डोळ्यांसमोर आणा. आचारी एकच असतो आणि हुशार असतो, तो म्हणजे सीपीयू. पण हजार पानांवर मीठ-चटणी वाढायला हुशारीपेक्षा हात लागतात. ग्राफिक्स कार्ड ही त्या वाढप्यांची फौज. पडद्यावरचा प्रत्येक पिक्सेल म्हणजे एक पान. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पानं मांडलेली असतात, फोर-केवर त्याच्या चौपट. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर ही अख्खी पंगत १६.७ मिलिसेकंदांत जेवून उठायला हवी, कारण लगेच दुसरी बसणार असते. आता वाढपी दुप्पट केले, पण आचाऱ्याच्या हातून पुढचा पदार्थच आला नाही, तर ते रिकामी भांडी घेऊन उभे राहतात. फुल एचडीवर महागडं कार्ड लावलं की नेमकं हेच घडतं.

वेग वाढला तरी हाती काय लागतं, तेही पाहू. सेकंदाला ३० फ्रेमवरून ६०वर गेलात तर दोन फ्रेममधलं अंतर १६.७ मिलिसेकंदांनी घटतं. हा फरक कुणालाही जाणवतो. ६०वरून १२०वर गेल्यावर ८.३ मिलिसेकंद वाचतात, १२०वरून २४०वर फक्त ४.२. प्रत्येक वेळी कार्डाने काम दुप्पट करायचं आणि खेळणाऱ्याच्या पदरात आधीच्या निम्मं पडायचं. बारकाव्याचंही तसंच. निकोप डोळा साधारणपणे एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखतो. ८० सेंटिमीटरवरून पाहिलं तर हे अंतर ०.२३ मिलिमीटर भरतं, आणि २७ इंची क्यूएचडी (फुल एचडी आणि फोर-के यांच्या मधल्या दर्जाच्या) मॉनिटरच्या पिक्सेलचा आकार जवळजवळ तेवढाच असतो. तिरक्या रेषांवरचे दाते मात्र डोळा याहूनही बारीक टिपतो (व्हर्नियर पट्टी आपल्याला वाचता येते ती याच गुणामुळे), म्हणून फोर-के अगदीच निरर्थक नाही. पण हा लाभ पिक्सेलच्या संख्येबरोबर चौपट होत नाही.

डोळ्याला पुरेल तेवढंच काढायचं, ही वाट धरणाऱ्या आणि मला ज्याच्याविषयी सांगायचंच आहे त्या माणसाकडे आता येतो. बुई तुओंग फाँग. १९४२ साली हनोईत जन्म, व्हिएतनामच्या फाळणीनंतर कुटुंब सायगोनला, मग फ्रान्समध्ये शिक्षण, आणि १९७१मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात. तिथले प्राध्यापक इव्हान सदरलँड यांच्या वर्गातल्या मुलांनी १९७२मध्ये सरांच्या पत्नीची फोक्सवॅगन बीटल उभी करून तिच्या पत्र्यावर रेघा आखल्या आणि एकेक बिंदू पट्टीने मोजून गाडी संगणकात उतरवली. फाँग त्या मुलांपैकी एक होता. संगणकातल्या वस्तू सपाट तुकड्यांच्या बनतात, त्यामुळे गाडीचा गोल टपही कोनाकोनांचा दिसे. त्याच विद्यापीठातल्या आँरी गुरोने १९७१मध्ये तुकड्याच्या कोपऱ्यांवर रंग काढून मधल्या भागात ते एकमेकांत मिसळून दिले. कडा मऊ झाल्या, पण पत्र्यावरची चकाकी मधेच हरवू लागली. फाँगने रंगाऐवजी पृष्ठभागाची दिशा मिसळली आणि प्रकाशाचा हिशेब प्रत्येक बिंदूवर नव्याने केला. चकाकीसाठी त्याने एक साधी घातांकी संख्या वापरली. ती मोठी केली की धातूसारखा टोकदार ठिपका पडतो, लहान केली की मातीसारखी मंद झळाळी येते. निसर्गातला प्रकाश असा वागत नाही, आणि फाँगला ते पक्कं ठाऊक होतं. हुबेहूब वास्तव आपल्या आवाक्यात नाही, डोळ्याला पटेल इतकं जवळ जायचं, ही भूमिका त्याने आपल्या शोधनिबंधातच मांडली. निबंध जून १९७५मध्ये छापून आला आणि जुलैत ल्युकेमियाने तो गेला. वय अवघं बत्तीस. घरगुती कार्डांना प्रत्येक पिक्सेलवर असा हिशेब सहज करता येऊ लागला तो एनव्हिडियाच्या २००१च्या जीफोर्स ३ कार्डापासून. आज गेमिंगच्या जाहिरातींत कार्डांची नावं ठळक अक्षरांत असतात, फाँगचं नाव कुठेही नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरा मार्ग खऱ्या प्रकाशाचा, किरणामागून किरण मोजत जाण्याचा. टर्नर व्हिटेड यांनी बेल लॅब्जमध्ये हा मार्ग धरला. १९८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधातल्या एका चित्राला व्हॅक्स संगणकावर ७४ मिनिटं लागली. चित्र ६४० गुणिले ४८० पिक्सेलचं, म्हणजे सेकंदाला सुमारे ६९ पिक्सेल. आज फोर-के पडद्यावर ६० फ्रेमसाठी सेकंदाला जवळपास ५० कोटी पिक्सेल लागतात. तरीही ‘सायबरपंक २०७७’ या गेममध्ये प्रकाशाचे सगळे मार्ग मोजायला लावले, तर दोन लाखांचं कार्डही स्वतःच्या बळावर ३० फ्रेमच्या आत अडखळतं. मग डीएलएसएस हे एनव्हिडियाचं तंत्र मदतीला येतं. कमी पिक्सेलचं चित्र काढायचं, उरलेलं यंत्रशिक्षणाने भरायचं, आणि एका खऱ्या फ्रेममागे अनेक फ्रेम अंदाजाने रचायच्या. म्हणजे सर्वांत महाग कार्डही शेवटी फाँगच्याच वाटेने जातं.

या अंदाजाच्या फ्रेमबद्दल सावध राहा. ५०७० हे कार्ड आधीच्या मालिकेतल्या ४०९०ची कामगिरी ५४९ डॉलरमध्ये देतं, असं एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी अनावरणाच्या वेळी सांगितलं. ती बरोबरी रचलेल्या फ्रेम मोजूनच होते, खऱ्या फ्रेम मोजल्या तर ५०७० बरंच मागे पडतं. रचलेल्या फ्रेममुळे हालचाल गुळगुळीत दिसते, पण तुम्ही माउस हलवल्याची दखल खरी फ्रेमच घेते. नेमबाजीच्या खेळात हार-जीत त्याच दखलेवर ठरते.

कमी ताकदीतही देखणं जग उभं करता येतं, याचं आपल्याकडचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ हा गेम २०२०मध्ये निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आला आणि त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. स्विचमधली चिपही एनव्हिडियाचीच, पण तिच्यात कोअर फक्त २५६. तेवढ्यावर राजस्थानी वास्तुकलेची छाप असलेलं ते जग उभं राहिलं, कारण कलाकारांनी रंग आणि प्रकाश विचारपूर्वक योजले होते.

विजेचाही हिशेब मांडा. ५०९०ची मर्यादा ५७५ वॉट आहे. पूर्ण जोरात रोज चार तास चाललं तर महिन्याला एकट्या कार्डाचे ६९ युनिट होतात, आणि ती सगळी वीज उष्णता होऊन मुलाच्याच खोलीत राहते. मे महिन्यात तिच्यावर एसीचा खर्च वेगळा.

मुलगा ब्लेंडरमध्ये ॲनिमेशन करणार असेल किंवा यंत्रशिक्षणाची मॉडेल घरी चालवणार असेल, तर ५०९०च्या ३२ जीबी मेमरीला खरा अर्थ आहे, मग ते कामाचं साधन ठरतं. नुसत्या खेळासाठी ५०७०च्या आसपासचं, १२ ते १६ जीबी मेमरीचं कार्ड, बऱ्यापैकी सीपीयू आणि १४४ हर्ट्झचा क्यूएचडी मॉनिटर हे सगळं मिळून एकट्या ५०९०च्या किमतीत बसतं आणि पैसे उरतात. दुकानात जाण्याआधी घरातला मॉनिटर किती हर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दाखवू शकतो, ते पाहा. ६०चा असेल, तर आधी तो बदला.