दुर्बीण मोठी की गोंगाट कमी?

जामखेड तालुक्यातलं खर्डा हे गाव इतिहासाच्या पुस्तकात आहे ते १७९५ च्या लढाईमुळे. मराठ्यांनी निजामाला हरवलं ते इथे. पण आपल्या खेड्यापाड्यांची आणखी एक श्रीमंती असते, ती रात्रीची. अमावास्येला खर्ड्याबाहेर, दिवे नसलेल्या रानात उभं राहा. आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी दिसेल. पुण्यात हॉस्टेलच्या गच्चीवरून तो दिसत नाही. डोळे तेच, तारेही तेच. मग फरक कशाचा?

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना उत्तर ठाऊक आहे: सिग्नल टू नॉईज रेशो! शहराच्या दिव्यांचा उजेड हवेत विखुरतो आणि त्यात ताऱ्यांचा मंद सिग्नल बुडून जातो. दुर्बिणी अवकाशात का पाठवायच्या, याचंही उत्तर यातच आहे. खर्ड्याचं आकाश कितीही काळं असलं तरी डोक्यावर वातावरण आहेच. ते प्रकाश हलवतं, म्हणून तारे लुकलुकतात. आणि क्ष-किरण व बहुतेक अतिनील किरण तर ते खाली येऊच देत नाही.

आता ग्रहांचं बघा. पृथ्वीएवढा ग्रह सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून गेला, तर ताऱ्याचा प्रकाश दहा लाखांत जेमतेम ८४ भागांनी कमी होतो. जमिनीवरून बघताना एवढासा फरक लुकलुकण्यात हरवतो. २००९ ते २०१८ या काळात केप्लर दुर्बिणीने याच पद्धतीने २,६०० हून जास्त ग्रह शोधले.

ताऱ्यांची अंतरंही तशीच. सर्व्हेइंगच्या प्रॅक्टिकलला आपण दोन ठिकाणांहून कोन घेऊन अंतर काढतो ना, तेच इथे. फक्त बेसलाईन म्हणजे पृथ्वीची कक्षा. पण सूर्यानंतरच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा पॅरॅलॅक्ससुद्धा एका सेकंदापेक्षा कमी, म्हणजे अंशाच्या ३६०० व्या भागाहून लहान आहे. वातावरणामुळे ताऱ्याचा ठिपका साधारण तेवढाच पसरतो! २०१३ साली सोडलेल्या गाया दुर्बिणीचं काम २०२५ मध्ये संपलं. तोवर तिने जवळपास २०० कोटी ताऱ्यांची नोंद केली. आपल्या आकाशगंगेचा नकाशा आज मुख्यतः तिच्याच मोजमापांवर उभा आहे.

आणि आता आपल्या घरची गोष्ट. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने अॅस्ट्रोसॅट ही भारताची पहिली अवकाश वेधशाळा सोडली. तिच्या क्ष-किरण उपकरणांत मुंबईच्या टीआयएफआरचा मोठा वाटा आहे. तिच्यावरच्या अतिनील दुर्बिणीचा आरसा फक्त ३८ सेंटिमीटरचा, तर हबलचा २.४ मीटरचा. क्षेत्रफळाच्या हिशेबाने हबल सुमारे चाळीसपट मोठी.

तरीही २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये या छोट्या दुर्बिणीने आकाशाच्या एका तुकड्याकडे २८ तासांहून जास्त वेळ पाहिलं आणि एका दूरच्या दीर्घिकेतून येणारे तीव्र अतिनील किरण टिपले. त्या प्रकाशाने ९३० कोटी वर्षं प्रवास केला होता. तो निघाला तेव्हा पृथ्वी जन्मलीही नव्हती! पुण्याच्या आयुकातले डॉ. कनक साहा आणि सहकाऱ्यांनी विश्लेषण करून २०२० मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. असे किरण दीर्घिकेतून निसटू शकतात, हे इथे दिसलं. विश्वातलं सुरुवातीचं 'अंधारयुग' कसं संपलं, हे समजायला त्याची मदत होते.

हबललाही तो भाग पाहता येत होता. मग तिला हे का दिसलं नाही? कारण अॅस्ट्रोसॅटच्या डिटेक्टरचा स्वतःचा नॉईज हबलच्या डिटेक्टरपेक्षा खूपच कमी होता. मोठ्या आरशावर शांत डिटेक्टरने मात केली.

मित्रांनो, खगोलशास्त्र हे फक्त फिजिक्सवाल्यांचं काम असं आपण समजतो. पण डिटेक्टर थंड ठेवणं, थरथर थांबवणं, सर्किटमधला नॉईज कमी करणं ही कामं मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सचीच आहेत. लॅबमध्ये ऑसिलोस्कोपवर ती नकोशी झालेली जाड, थरथरती रेघ दिसेल ना, तेव्हा एवढं लक्षात ठेवा: तिच्याखाली एखादी दीर्घिका दडलेली असू शकते.