अंगणातला स्पीकर पहिल्याच पावसात का खरखरतो? स्पीकर बदलण्याआधी वायरचा जोड उघडून बघा

दारव्हा (जि. यवतमाळ) : घरापुढच्या बागेत किंवा मंदिराच्या आवारात कायमचे स्पीकर बसवायचे म्हटले की आधी चर्चा होते ती कंपनीची आणि वॉटची. वायर कुठे आणि कशी जोडायची, हे शेवटी ठरते. तिथे चिकटपट्टी गुंडाळून काम आटोपले जाते. मग जूनमध्ये आवाज खरखरू लागला की दोष स्पीकरला दिला जातो. पाणी मात्र अनेकदा स्पीकरमध्ये नव्हे, तर जोडात शिरलेले असते.

जोडात पाणी शिरते कसे?

दारव्हा परिसरात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांपुढे जातो. भर उन्हातल्या भिंतीवर चिकटपट्टीचा गोंद वितळतो, कडा सुटतात. साध्या वायरचे प्लास्टिक उन्हातल्या अतिनील किरणांनी कडक होऊन तडकते. जूनच्या मध्याला पाऊस येतो, तोवर वाट मोकळी झालेली असते.

दुसरे कारण सहसा लक्षात येत नाही. उन्हात तापलेल्या जंक्शन बॉक्समधली हवा प्रसरण पावून थोडी बाहेर जाते. अचानक सर आली की बॉक्स थंड होतो, आतली हवा आकुंचन पावते आणि बॉक्स बाहेरचे पाणी फटीतून अक्षरशः ओढून घेतो. एकदा जोड ओला झाला की तांब्यावर हिरवा थर चढतो. तांब्याच्या बारीक तारांमधून पाणी कंदिलाच्या वातीत तेल चढावे तसे पुढे सरकते आणि जोडापासून लांबवर वायर आतून खराब होते.

‘वॉटरप्रूफ’ शब्दावर जाऊ नका, आकडा बघा

खोक्यावर ‘आयपी’ पुढे दोन आकडे असतात. पहिला धुळीचा, दुसरा पाण्याचा.

• आयपी ४४ : उडणारे पाणी सोसते. पडवीत, छपराखाली चालेल.
• आयपी ६५ : धूळ आत जात नाही, पाण्याचा फवाराही सोसतो. उघड्या भिंतीसाठी निदान हा हवा.
• आयपी ६७ : १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकते. पाणी साचते अशा जागेसाठी.
• आयपीएक्स ७ : ‘एक्स’ म्हणजे धुळीसाठीचे मानांकन दिलेले नाही.

हा आकडा झाकण नीट बसवलेले आणि कनेक्टर पूर्ण जोडलेला असतानाचा असतो. आयपी ६७ बॉक्सला वायरसाठी भोक पाडून ते तसेच सोडले, तर त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

जोड पक्का कसा करायचा?

• शक्यतो बाहेर जोडच ठेवू नका. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत अखंड वायर न्या.
• जोड द्यावाच लागला, तर वायर नुसती पिळू नका. झाळ लावा किंवा दाबून बसणारा कनेक्टर वापरा. वरून आतल्या बाजूला गोंद असलेली, गरम केल्यावर आवळणारी नळी चढवा.
• वायर बॉक्समध्ये खालच्या बाजूने, रबरी वायसर असलेल्या केबल ग्लँडमधून घ्या.
• बॉक्सच्या आधी वायरला खाली झोळ द्या. वायरवरून आलेले पाणी झोळातून टपकून जाते, आत जात नाही.
• साध्या बॉक्सच्या तळाला बारीक छिद्र ठेवा. आत साचलेला ओलावा तिथून निघून जातो.
• व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन जोडावर लावू नका. त्यातल्या आम्लाने तांबे गंजते.
• भोंगा किंचित खाली झुकवून बसवा, म्हणजे त्यात पाणी साचणार नाही.

काळ्या मातीत वायर पुरताना

कपाशीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ही हालचाल पीव्हीसी पाईपचे चिकटवलेले जोड उघडू शकते. त्यापेक्षा शेतात वापरतात तो लवचिक काळा एचडीपीई पाईप अखंड टाकावा. पाईपभोवती वाळू भरावी, वायर थोडी सैल ठेवावी आणि जमिनीखाली जोड अजिबात देऊ नये. पाईपची दोन्ही तोंडे जमिनीच्या वर काढून खाली वळवावीत. घरच्या विजेची वायर त्याच पाईपमधून नेऊ नये. त्यात धोका आहे आणि स्पीकरमध्ये सतत घूंऽऽ आवाजही येऊ शकतो.

वायर किती जाड हवी?

घर ते बागेचा कोपरा हे अंतर ३० मीटर धरले, तर जाऊन-येऊन ६० मीटर तांबे लागते. ८ ओहमच्या स्पीकरला ०.५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर जोडली, तर पाचव्या भागाहून जास्त शक्ती वायरमध्येच खर्च होते. २.५ चौरस मिलिमीटरच्या वायरमध्ये हे नुकसान ५ टक्क्यांच्या आसपास येते. स्वस्त वायर अनेकदा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. तिचा रोध जास्त असतो आणि ओलाव्यात तिचे जोड लवकर खराब होतात.

अंतर फार असेल किंवा भोंगे बरेच असतील, तर १०० व्होल्ट लाइनची पद्धत वापरतात. तिच्यात प्रवाह कमी असल्याने वायरमधले नुकसान नगण्य राहते. पण १०० व्होल्टचा झटका जिवावर बेतू शकतो. त्या वायरला घरच्या विजेइतकेच जपावे.

ॲम्प्लिफायर घरातच ठेवा

२३० व्होल्टची एक्स्टेन्शन वायर ओल्या गवतावर टाकणे हा या सगळ्यातला सर्वांत मोठा धोका आहे. स्पीकर बिघडला तर दुरुस्त होईल, ओल्या वायरवर पाय पडला तर जीव जाऊ शकतो. ॲम्प्लिफायर घरात ठेवावा, त्याला चांगले अर्थिंग द्यावे आणि त्या लाइनवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी बसवावा. वीज कडाडू लागण्याआधीच ॲम्प्लिफायरचा प्लग आणि स्पीकरची वायर दोन्ही काढून ठेवाव्यात.

आवाजाची मर्यादा किती?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज कुंपणाच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त असता कामा नये. त्यामुळे एका कोपऱ्यात मोठा भोंगा लावण्याऐवजी बसायच्या जागेजवळ दोन-तीन छोटे स्पीकर लावणे सोयीचे. आवाज कमी ठेवूनही नीट ऐकू येतो.

पावसाआधी एवढे करा

मेअखेरीस वीज बंद करून प्रत्येक बॉक्स उघडा. तांबे हिरवे किंवा काळे पडले असेल, तर चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर कापून जोड नव्याने करा. तडकलेले रबरी वायसर बदला. खारीने किंवा उंदराने वायर कुरतडली आहे का, तेही बघा. नव्या स्पीकरच्या खर्चापुढे ग्लँड आणि वायसर किरकोळ किमतीत मिळतात.