संबंधाच्या वेळी चीर पडते तेव्हा

गटाची बैठक संपते, हप्त्याचे पैसे मोजून होतात, वह्या मिटतात, आणि चपला घालताना एखादी बाई मागे रेंगाळते. "ताई, जरा बाजूला येता?" मागच्या महिन्यात असंच झालं. बाळ अडीच महिन्यांचं, आणि नवऱ्याजवळ गेलं की खाली आग, रक्ताचे डाग. ती म्हणाली, "माझ्यातच काहीतरी खोट आहे." आम्ही नर्सताईंना विचारलं. तिच्यात खोट काहीच नव्हती. म्हणून आज हे सगळ्यांसमोर बोलतोय.

योनीची कातडी नाजूक असते, पण ताणली जाते. बाईचं मन तयार असलं की आत ओलावा सुटतो आणि घर्षण होत नाही. तो ओलावा नसताना घाई झाली की कातडी खरचटते. बहुतेक वेळा चीर पडते ती तोंडाशी, गुदद्वाराच्या बाजूला.

ओलावा का कमी होतो? अंगावर पाजणाऱ्या बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन नावाचं संप्रेरक कमी असतं, म्हणून कोरडेपणा येतो. पाळी गेल्यावरही तसंच होतं, कातडी पातळ होते. बाळंतपणात टाके पडले असतील तर ती जागा घट्ट राहते. म्हणून बाळंतपणानंतर किमान सहा आठवडे थांबायचं, आणि टाके दुखत असतील तर त्याहून जास्त. आमच्या त्या मैत्रिणीचे टाके दुखत होते, वर अंगावर पाजणं चालू. अंगावरून दह्यासारखं पांढरं जाणं, खाज, मधुमेह यांनीही कातडी लवकर फाटते. मनात भीती असली की स्नायू आवळून येतात, आणि पुरुष पिऊन आला असेल तर ओलावा कुठून सुटणार?

उपाय सोपे आहेत, फक्त नवऱ्याशी बोलायची हिंमत लागते. घाई नको. दुखलं की "थांबा" म्हणायचं, आणि त्याने थांबायचं. औषधाच्या दुकानात पाण्यावर आधारलेली जेल मिळते, ती लावावी. निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल लावू नका, तेलाने निरोध फाटतो. साबण, डेटॉल, लिंबू आत घालू नका. बाहेरून साधं पाणी पुरतं. पाळी गेलेल्या बायकांसाठी डॉक्टर क्रीम लिहून देतात, लाजून बसू नका.

चीर पडलीच तर? लहान चीर थोड्या दिवसांत आपोआप भरते, तोवर संबंध बंद. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटं बसावं. लघवीच्या वेळी आग होते, तेव्हा वरून पाणी ओतत राहिलं की बरं वाटतं. हळद, चुना, तंबाखूची राख यातलं काही लावू नका. जखमेवर हळद हा आपला जुना हात आहे, पण ही जागा वेगळी.

रक्त थांबतच नसेल, तासाभरात पॅड भिजत असेल, चक्कर, पोटात जोराचं दुखणं, ताप किंवा घाण वास असेल तर रात्र असली तरी दवाखाना, १०८ ला फोन. आणि चीर दिसत नाही, पण प्रत्येक संबंधानंतर रक्त जातं, किंवा पाळी जाऊन वर्ष झाल्यावर डाग दिसतात, तर गर्भपिशवीच्या तोंडाची तपासणी करून घ्या. तीस वर्षांपुढच्या बायकांसाठी ती सरकारी दवाखान्यात होते.

एक अवघड गोष्ट. काही चिरा कोरडेपणाने पडत नाहीत, जबरदस्तीने पडतात. लग्न झालं म्हणून ती जबरदस्ती राहत नाही असं नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात लैंगिक छळही येतो. १८१ हा फोन फुकट आहे, बोलणाऱ्याही बाईच असतात. दवाखान्यात उपचार मिळायला आधी पोलिसात जावं लागत नाही.

आमची ती मैत्रीण पुढच्या बैठकीला नवऱ्याला घेऊन नर्सताईंकडे जाऊन आली होती. तो बाहेर बाळाला घेऊन बसला, मग त्यालाही आत बोलावलं. महिनाभर थांबायला सांगितलंय, आणि जेल घेतलीय. दर मंगळवारी उपकेंद्रावर आमच्यापैकी एक जण असते, एकटीला जायला संकोच वाटला तर आम्हाला सांगा, सोबत येऊ.