चिठ्ठी काढलीत, पण डब्यातून गेली का?

बोरीवलीतल्या कुठल्याही सोसायटीतली भिशी डोळ्यांसमोर आणा. २० जणी, महिन्याला प्रत्येकीचे २,००० रुपये आणि स्टीलच्या डब्यात २० चिठ्ठ्या. घरातलं सगळ्यात लहान पोर एक चिठ्ठी उचलतं. ज्या काकूंचं नाव निघतं, त्यांना ४०,००० रुपये. ती चिठ्ठी मात्र डब्यात परत जात नाही. पुढच्या महिन्यात चिठ्ठ्या १९च.

आता हीच भिशी पायथनमध्ये लिहून बघा. पहिल्यांदा आठवतं ते 'रँडम.चॉईस'. पण ते नुसतं नाव वाचून दाखवतं, यादीतून काढत नाही. म्हणजे जानेवारीत भिशी लागलेल्या काकूंना मार्चमध्ये पुन्हा लागू शकते आणि दुसरी कुणीतरी २० महिने पैसे भरून रिकाम्या हातानं बसते! म्हणून 'रँडम.रँडरेंज'ला यादीची लांबी द्या आणि मिळालेला क्रमांक 'पॉप'ला द्या. नाव हातातही येतं आणि यादीतूनही जातं. एकाच फटक्यात दोन्ही कामं.

पुढची गोची बघा. भिशी लागली म्हणून हप्ता थांबत नाही. चिठ्ठी जाते, सभासद राहते. म्हणजे याद्या दोन हव्यात. पण 'चिठ्ठ्या = सभासद' एवढंच लिहिलंत तर दुसरी यादी तयार होतच नाही, एकाच यादीला दोन नावं पडतात. चिठ्ठी काढली की सभासदही गायब! त्यासाठी 'सभासद.कॉपी()' लिहायचं.

आणि सगळ्या चिठ्ठ्या संपेपर्यंत काढायच्या असतील, तर त्याच यादीवर 'फॉर' लूप फिरवू नका. लूप पुढे सरकतो, यादी मागून आखडते आणि दोघांची गाठ मध्येच पडते. २० पैकी १० नावं निघतात आणि प्रोग्रॅम एरर न दाखवता थांबतो. इथे 'व्हाइल' वापरा: यादीत काही आहे तोवर काढत राहा.

नावं लाखांत असतील तर आणखी एक युक्ती. मधलं नाव 'पॉप' केलं की त्याच्या मागची सगळी नावं एकेक घर पुढे सरकवावी लागतात. त्यापेक्षा निवडलेल्या नावाची शेवटच्या नावाशी अदलाबदल करा आणि शेवटचं काढून टाका. क्रमाला तसंही महत्त्व नाही.

हे सगळं फक्त मार्कांपुरतं आहे असं समजू नका. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यभरतीचा क्रम ठरवायला वाढदिवसांच्या ३६६ चिठ्ठ्या काढल्या. तारीख जितकी लवकर निघेल, तितकं बोलावणं लवकर. पण चिठ्ठ्या महिन्यांच्या क्रमानं टाकल्या होत्या आणि नीट ढवळल्याच नव्हत्या. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांतल्या तारखा जास्त प्रमाणात आधी निघाल्या. काढलेली चिठ्ठी कुणी परत टाकली नव्हती, तरी न्याय झाला नाही.

कॉम्प्युटरवर डबा ढवळण्याचं काम रँडम फंक्शन करतं. फक्त टेस्टिंगसाठी लिहिलेली 'रँडम.सीड(४२)' ही ओळ विसरून तशीच ठेवू नका. ती राहिली तर त्याच यादीतून प्रत्येक वेळी तीच नावं, त्याच क्रमानं निघतील.

कॉलेजात व्हायवाचा क्रम किंवा फेस्टचा लकी ड्रॉ तुमच्या कोडवर ठरणार असेल, तर आधी तो रिकामा होईपर्यंत चालवा. प्रत्येक नाव एकदाच आलं का, कुणी राहिलं तर नाही ना, हे मोजा. भिशीतल्या काकू डबा उलटा करून दाखवतात, तो काही उगाच नाही.