डोंगरातलं घर, सरकारची हमी

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या ब्लू रिज डोंगरांत वॉटॉगा काउंटी आहे. निसर्ग देखणा, म्हणून सुट्टीपुरती घरं घेणारे शहरी लोक येतात, किमती चढतात आणि तिथल्याच शिक्षक-नर्सना घर परवडेनासं होतं. अशा ग्रामीण भागांसाठी कृषी खात्याची (होय, कृषी खात्याचीच!) गृहकर्ज योजना आहे, मूळ कायदा १९४९चा. कर्ज बँक देते, ९० टक्क्यांची हमी सरकार घेतं, म्हणून डाउन पेमेंट लागत नाही. उत्पन्न त्या भागातल्या मध्यक उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांच्या आत हवं आणि घरात स्वतः राहायला हवं. ही दुसरी अट मला सर्वांत मोलाची वाटते: सुट्टीच्या बंगल्यासाठी हे कर्ज मिळतच नाही. हमीशुल्क मात्र अखेर कर्जदाराच्याच खिशातून जातं.