लामदुआनच्या पाकळ्यांचा वानवळा

गेल्या दिवाळीला बँकॉकहून येताना आमच्या भाचीने एक पत्र्याचा डबा आणला. झाकण काढले मात्र, स्वयंपाकघरात वास दरवळला तो बिस्किटांचा नव्हे, देवघराचा! आईने डबा नाकाशी नेला आणि विचारले, "अगं, ही खायची, की देवाला वाहायची?"

आत फिकट रंगाची, तीन पाकळ्यांची फुले होती. नाव 'खनोम क्लीप लामदुआन'. खनोम म्हणजे गोड खाऊ, क्लीप म्हणजे पाकळी आणि लामदुआन हे तिकडचे पिवळसर, सुवासिक फूल. थायलंडात १९८२ साली १३ एप्रिल हा वृद्धांचा दिवस ठरला, तेव्हा त्याचे चिन्ह म्हणून हेच फूल निवडले गेले. त्यांचे पारंपरिक नवे वर्ष, सोंगक्रान, त्याच दिवशी सुरू होते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी घालून त्यांचे आशीर्वाद घ्यायचे, अशी रीत आहे. ही बिस्किटे लग्नकार्यात ठेवतात, भेट म्हणूनही देतात.

आईने एक तुकडा जिभेवर ठेवला. तो विरघळला. माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची. तोंडात एक दात नाही. दोन दिवाळ्या ती फराळाच्या ताटाकडे नुसती पाहत होती. खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे ताट पाठवणेही तिने बंद केले होते. "तिलाही दात नाहीत. चकली पाठवून तिला चिडवायचं का?" असे तिचे म्हणणे. ती आता म्हणाली, "ही आपल्याला करता येतील?"

तसे थाई गोडाधोडात भाजलेले पदार्थ थोडेच. नारळाचे दूध, तांदळाचे पीठ आणि ताडगूळ घेऊन बहुतेक पदार्थ वाफवायचे किंवा शिजवायचे. अंडी, मैदा, साखर फेटून केक भाजण्याची विद्या पोर्तुगीजांबरोबर तिकडे गेली. बँकॉकमध्ये चाओ फ्रया नदीच्या थोनबुरी काठावर, सांताक्रूझ चर्चच्या आसपास त्यांच्या वंशजांची कुडी चीन नावाची वस्ती आहे. तिथला बदकाच्या अंड्यांचा छोटा केक खाली-वर निखारे ठेवून भाजण्याची जुनी पद्धत. त्याचे नाव 'खनोम फरांग'. मराठी शिकवणाऱ्या बाईला याहून मोठी मौज कोणती? फरांग म्हणजे आपल्या फिरंग्याचाच भाऊ!

पण आमची फुले बिनअंड्याची. दोन वाट्या मैदा, वाटीभर पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि अर्धी वाटी बिनवासाचे तेल. पूर्वी तिकडे डुकराची चरबी घालीत. गोळा जमेना तर चमचाभर तेल आणखी, पण पाणी नाही. सुपारीएवढी गोळी करून सुरीने तिचे चार भाग करायचे. तीन भागांची टोके जुळवली की पाकळ्या होतात. चौथा वळून मध्ये बसवायचा. आईची बोटे इथे माझ्यापेक्षा चपळ निघाली. एके काळी ती नानकटाईचे पत्रे भरून गल्लीच्या टोकाला बेकरीच्या भट्टीवर पाठवी, त्या हातांना काही शिकवावे लागले नाही.

घोटाळा केला तो मी. चांगली खरपूस व्हावीत म्हणून भट्टी तापवली आणि पहिला घाणा तांबूस केला. भाचीने कपाळाला हात लावला. "मावशी, रंग आला की ही बिघडली!" दीडशे अंशांवर वीसेक मिनिटे, फुले फिकटच राहिली पाहिजेत. आईने पुढचा घाणा पाहून "कच्ची आहेत" असा निकाल दिला. चव घेतल्यावर मागे घेतला.

खरी मेख धुरीत आहे. 'तियन ओप' ही धूप-चंदनादी सुगंधी द्रव्यांची वाकवलेली मेणबत्ती असते, दोन्ही टोकांनी पेटणारी. फुले गार झाली की मोठ्या पातेल्यात रचून मध्ये वाटीत ती ठेवायची, पेटवायची, विझवायची आणि धूर निघू लागताच झाकण लावायचे. आपण भरताला निखाऱ्याची धुरी देतो, तशीच ही; फक्त ती रात्रभर मुरते. भाचीने एक मेणबत्ती आणली होती म्हणून साधले. दुकानातली शोभेची सुगंधी मेणबत्ती कृपा करून वापरू नका. ती खाण्याची नव्हे. धुरी नसेल तर वेलदोडा घाला. ती लामदुआन उरणार नाहीत, पण तोंडात विरघळतील.

सकाळी आईने स्वतः डबा भरला. वर कागद, त्यावर झाकण, झाकणाला दोरा. नातीला म्हणाली, "काकूंच्या हातात दे. सुनेच्या नको."

संध्याकाळी डबा परत आला. रिकामा नाही, तळाशी मूठभर साखर होती. सोबत निरोप, "फार छान. पुढच्या खेपेला वास जरा कमी."

"तिचं नाक पहिल्यापासून असंच," आई म्हणाली, आणि मैद्याचा डबा कुठे ठेवलाय ते विचारू लागली.